मुलीला शाळेच्या व्हॅनने पाठवायचंय, काय तपासू?

आधी नंबरप्लेट बघा. पांढरी, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी असेल तर स्वस्त पडली तरी नको. अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात.

मग शाळेत विचारा, मुलांच्या ने-आणीवर लक्ष ठेवणाऱ्या परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली? महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार ही समिती हवीच, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. बरेचदा ती कागदावरच असते, म्हणून त्यातल्या पालकांची नावं मागाच. मुली असतील तर गाडीत महिला मदतनीस पाहिजे.

सगळ्यात शेवटी कोण उतरतं, हेही विचारा. तुमचीच मुलगी असेल तर ती चालकासोबत एकटी राहणार नाही, असा क्रम लावून घ्या.

ती अचानक ‘व्हॅन नको’ म्हणायला लागली तर रागावू नका, ऐकून घ्या. गैरप्रकाराचा संशय आला तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.