वाचकांचे प्रश्न : सोड्याच्या पाण्यात रमणारे जीव

सामू (पीएच) ९ च्या वर गेला की बहुतेक जिवाणू हातपाय गाळतात. काहींची वाढ मात्र तिथेच जोमाने होते आणि साध्या पाण्यात मंदावते. अशा अल्कधर्मी जीवांबद्दल आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : लोणारच्या पाण्यातून प्रोटिएज (प्रथिने तोडणारे एन्झाइम) तयार करणारे जिवाणू वेगळे करायचे आहेत. सामू १० चे स्किम मिल्क अगार (जिवाणू वाढवायचे दूध घातलेले माध्यम) पहिल्या वेळी तपकिरी झाले, दुसऱ्या वेळी त्यात गुठळ्या झाल्या. तिसऱ्या वेळी प्लेट चांगल्या झाल्या, पण वसाहती नसलेल्या जागीही त्या पारदर्शक होत गेल्या. कुठे चुकते? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, बुलढाणा)

उत्तर : पहिल्या वेळी सोडियम कार्बोनेट बाकी सगळ्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) गेले असणार. अल्कधर्मी द्रावणात साखर आणि पेप्टोन एकत्र तापले की माध्यम करपते, शिवाय मॅग्नेशियमचा साका खाली बसतो. म्हणून तीन फ्लास्क घ्या. पहिल्यात ८०० मिली पाणी, पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, अगार २० ग्रॅम. दुसऱ्यात १०० मिलीत निर्जल सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम. तिसऱ्यात १०० मिलीत स्किम मिल्क पावडर १० ग्रॅम. तिन्ही वेगवेगळे निर्जंतुक करा. दुधाला कमी वेळ द्या, नाहीतर तेही तपकिरी होते.

हे माध्यम जपानच्या कोकी होरिकोशींच्या माध्यमावर बेतले आहे. अल्कधर्मी प्रोटिएजवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९७१ चा. मूळ कृतीत १० ग्रॅम ग्लुकोजही असते, ते इथे मुद्दाम वगळले आहे. आयती साखर मिळाली की पुष्कळ बॅसिलस जिवाणू प्रोटिएज बनवायचा आळस करतात, आणि साखरेपासून होणाऱ्या आम्लाने सामू उतरतो तो वेगळाच.

गुठळ्यांचे कारण थंड सोडा, म्हणजे कार्बोनेटचे द्रावण. अगार ६० अंशांपर्यंत निवू द्या, सोडाही तितकाच गरम ठेवा, मग दूध घाला आणि लगेच ओता. सामू १० च्या आसपास येईल. मीटर ७ आणि १० अशा दोन्ही बफरवर लावून घ्या. सोडियम भरपूर असलेल्या द्रावणात साधा काचेचा इलेक्ट्रोड खरा आकडा थोडा कमी दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. अल्कधर्मी माध्यमात दुधातले केसीन हे प्रथिन हळूहळू आपोआप विरघळते, म्हणजे प्लेट जिवाणूंशिवायही साफ होते. जिवाणू न लावलेली एक प्लेट नेहमी शेजारी ठेवा. निकाल बघताना प्लेटवर १० टक्के ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल ओता. उरलेले केसीन पांढरे होऊन बसते आणि प्रोटिएजने वसाहतीभोवती केलेले खरे वलय तेवढे स्वच्छ राहते. २० मिलीच्या प्लेटमध्ये ०.२ ग्रॅम कार्बोनेट असते. ते मारायलाच ६ मिलीहून थोडे जास्त आम्ल लागते, म्हणून ५ मिली ओतून भागत नाही. १० मिली घ्या, हळू ओता, कारण फेस येतो आणि अगार तळापासून सुटू शकते. हातमोजे, चष्मा हवाच. आम्लाने वसाहत मरते, तेव्हा तिची नक्कल आधीच दुसऱ्या प्लेटवर घेऊन ठेवा.

कार्बोनेटऐवजी कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) सामू १० वर आणायचा मोह होईल, पण कॉस्टिक सामू चढवते, धरून ठेवत नाही. वाढ सुरू झाली की सामू घसरतो आणि तुम्ही नकळत साधेच जिवाणू निवडता. पोटॅशियम कार्बोनेटही चालत नाही. बाहेर सामू १०.५ असताना हे जिवाणू आतला सामू ८ ते ८.५ च्या आसपास राखतात, आणि त्यासाठी पेशीतून सोडियम बाहेर टाकून हायड्रोजन आयन आत घेतात. सोडियम नसेल तर हा पंप बंद. मिळालेली प्रत्येक वसाहत सामू ७ वरही लावून बघा. दोन्हीकडे सारखीच वाढली तर ती केवळ सोशीक आहे, अल्कधर्मी म्हणायची नाही.

आणि लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे. नमुना घेण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : प्रेसमडवरच्या (उसाच्या रसाच्या गाळावरच्या) बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढायला जैविक स्क्रबर (जिवाणूंच्या मदतीने गॅस धुणारी यंत्रणा) आहे. पूर्वी टाकीतले पाणी दुधाळ असायचे, हल्ली निवळ दिसते. गंधक मिळत नाही आणि कॉस्टिकचा खप वाढला आहे. (साखर कारखान्यातील अभियंता, सोलापूर)

उत्तर : निवळ पाणी बघून ऑपरेटर खूश होतो, पण इथे ते वाईट लक्षण आहे. दुधाळपणा म्हणजे तरंगणारे गंधकाचे बारीक कण. ते दिसेनासे झाले, याचा अर्थ जिवाणू सल्फाइडला गंधकापाशी न थांबवता थेट सल्फेटपर्यंत नेत आहेत. कारण बहुधा जास्तीची हवा.

हिशेब करून बघा. एक किलो हायड्रोजन सल्फाइडचे गंधक करायला सुमारे ०.४७ किलो ऑक्सिजन लागतो, सल्फेट करायला १.८८ किलो, म्हणजे चौपट. गंधक तयार होताना गॅस शोषण्यात खर्ची पडलेला अल्क परत मिळतो. सल्फेट झाले की तो परत येत नाही, उलट किलोमागे सुमारे २.३५ किलो कॉस्टिक घालावे लागते. तुमचे बिल तिथेच वाढले.

ब्लोअरला व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारे उपकरण) बसवा आणि हवा रेडॉक्स मीटरच्या (द्रावणाचा ऑक्सिडेशनचा कल मोजणाऱ्या) आकड्यावर चालवा. गॅसचा भार रात्री उतरतो आणि हवा तेवढीच राहते, हा नेहमीचा घोटाळा. हवा टप्प्याटप्प्याने कमी करा, प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस द्या, आणि सल्फेट व विरघळलेले सल्फाइड दोन्ही मोजा. फार कमी केलीत तर सल्फाइड साचून थायोसल्फेट हा गंधकाचा नकोसा क्षार वाढतो आणि जिवाणूही दबतात. साचलेले क्षार थोडे पाणी सतत बाहेर काढूनच कमी होतात, त्यासाठी कंडक्टिव्हिटीवर (विद्युतवाहकतेवर) नजर ठेवा.

सामू उतरला म्हणून कॉस्टिक ओतत राहू नका. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड ते आधी खातो. द्रावणात बायकार्बोनेट पुरेसे आहे की नाही, हे क्षारता तपासून ठरवा. हवा फक्त वेगळ्या टाकीतच सोडायची, गॅसच्या टॉवरमध्ये कधीही नाही, तिथे स्फोटक मिश्रण होऊ शकते. वासावरही विसंबू नका. १०० पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड नाकच बधिर करतो.

प्रश्न : स्पिरुलिनाच्या (खाण्याच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) १००० लिटरच्या टाकीत अर्धा किलो युरिया टाकला. दोन दिवसांत हिरवे पाणी पिवळट पडले आणि उग्र वास येतो. (शेतकरी, सांगली)

उत्तर : तो वास अमोनियाचा. युरियाचे विघटन होऊन अमोनियम तयार होते. सामू ७ ला ते बहुतांश निरुपद्रवी रूपात असते, पण २५ अंशांवर सामू ९.२५ ला निम्मे आणि सामू १० ला सुमारे ८५ टक्के विषारी अमोनिया होते. ऊन तापले की आणखी जास्त. शेतात जिरणारी मात्रा इथे मारक ठरते.

टाकीवर सावली करा, पाणी ढवळत ठेवा म्हणजे अमोनिया उडून जाईल, आणि निम्मे पाणी काढून ताजे माध्यम भरा. तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेले, फिके दिसले तर वेळ घालवू नका. टाकी रिकामी करून जपलेल्या विरजणावरून पुन्हा सुरुवात करा.

नत्रासाठी सोडियम नायट्रेट सुरक्षित. झारूक माध्यमात (स्पिरुलिनाच्या प्रचलित खाद्यद्रावणात) १००० लिटरला ते २.५ किलो असते आणि खायचा सोडा १६.८ किलो. युरियाच वापरायचा तर सुरुवात १५ ते २० ग्रॅमने, तोही खाद्यपदार्थांना चालणाऱ्या दर्जाचा. अनुदानाचा युरिया निमलेपित असतो, तो खाण्याच्या पिकाच्या टाकीत नको.

सामू १०.५ च्या वर गेला म्हणून आम्ल ओतणारे पुष्कळ आहेत. आम्लाने सोड्यातला कार्बन वायू होऊन उडतो, म्हणजे स्पिरुलिनाचेच अन्न जाते. त्याऐवजी खायचा सोडा घाला, सामू त्यानेही खाली येतो. सामू ९ च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. इतर शेवाळे तिथूनच घुसतात.

प्रश्न : एन्झाइमवाली कपड्यांची पावडर उकळत्या पाण्यात जास्त चांगली काम करते का? पैठणीला चालेल का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : दोन्हीला नाही. पावडरीत जिवाणू नसतात, त्यांनी तयार केलेले प्रोटिएज असते. ते साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात टिकते, पण उकळीने निकामी होते. हाताला सोसेल इतपत कोमट पाण्यात कपडे अर्धा तास भिजवा. रक्त, दूध, डाळीचे डाग निघतात. ब्लीच त्याच बादलीत घालू नका, तेही एन्झाइम मारते. रेशीम आणि लोकर ही प्रथिनेच आहेत. डागाबरोबर पैठणीही झिजेल.

प्रश्न : गच्ची गळते. भेगा स्वतः बुजवणारे जिवाणूंचे काँक्रीट वरून पसरता येईल का? (पुणे)

उत्तर : तुमच्या गच्चीला नको. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगांत अल्कधर्मी बॅसिलसचे बीजाणू (जिवाणूंचे सुप्त रूप) आणि कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये मिसळले होते. भेगेत पाणी शिरल्यावर ते चुनखडी तयार करतात. तिथे सुमारे ०.४६ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या, जिवाणूंशिवायच्या नमुन्यात ०.१८ मिमीपर्यंत. आवरण नसलेले बीजाणू काँक्रीटमध्ये काही महिनेच टिकतात. उन्हाने रोज उघडझाप करणारी गच्चीची भेग यात बसत नाही. आधी उतार आणि पाणी जाण्याचे पाइप तपासा, मग नेहमीचे वॉटरप्रूफिंग करून घ्या.