शेवटून पहिल्या आलेल्या देशाबद्दल

फोंडा, रविवार

बाय,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. तेव्हा मी झोपलो होतो. तू पाठवलेली चित्रफीत पहाटे चहा घेताना पाहिली, मग दोनदा पुन्हा पाहिली. पोर्तुगालच्या सल्वादोर सोब्रालचं ते गाणं मला नवं नाही, पण तू खाली लिहिलंयस ते वाचून पुन्हा ऐकावंसं वाटलं. ‘काका, एक शब्द कळला नाही तरी रडू आलं. मग आम्ही स्पर्धेत मराठी का नाही गायचं? चॅनलवाले हिंदीच म्हणा म्हणतायत.’ अंगठ्याने एवढं उत्तर टाइप करणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

मराठीच गा. पण तू दिलेलं कारण मला पटत नाही, आणि ते का पटत नाही ते सांगायचंय. पोर्तुगाल आपल्या भाषेत गायला आणि २०१७ साली युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा, जिंकला, हे खरं. पण त्याआधी त्रेपन्न वर्षं तो आपल्याच भाषेत गाऊन हरत होता. मधल्या काही वर्षी इंग्रजीची फोडणी देऊन पाहिली, तीही लागली नाही. आपल्या भाषेत गायलं की जग वळून बघतं असं असतं, तर त्यांना एवढं थांबावं लागलं नसतं.

त्यांची सुरुवात कशी झाली ते बघ. वर्ष १९६४, गाव कोपनहेगन. गोवा हातातून जाऊन अडीच वर्षंही झाली नव्हती आणि लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार अजून बसलेलाच होता. अंतोनियु काल्व्हारियु नावाचा गायक प्रार्थनेसारखं गाणं घेऊन गेला. त्या संध्याकाळी एक माणूस फलक घेऊन मंचावर चढला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्याला ओढून खाली नेला, कार्यक्रम पुढे चालू झाला आणि पोर्तुगालला गुण मिळाले शून्य. राजवटीचा राग गाण्यावर निघाला की गाणंच कुणाला भावलं नाही, कोण सांगणार? त्या रात्री आणखी तीन देशांना शून्यच मिळालं होतं.

पुढची पन्नास वर्षं साधारण अशीच गेली. सगळ्यात वरचा क्रमांक सहावा, तोही १९९६ साली. उपांत्य फेऱ्या सुरू झाल्यावर तर कित्येक वर्षं अंतिम फेरीचं तोंडही दिसलं नाही. आणि १९९९ पासून कुणीही कुठल्याही भाषेत गावं अशी मोकळीक मिळाल्यावर जो तो इंग्रजीकडे पळाला. त्यानंतर २०१६ पर्यंत इंग्रजीचा एक शब्दही नसलेलं एकच गाणं जिंकलं, २००७ चं सर्बियाचं. म्हणजे तुझे चॅनलवाले जे म्हणतायत ते अगदीच बिनबुडाचं नाही. त्यांच्याशी भांडताना हे ध्यानात ठेव.

मग २०१७ मध्ये वेगळं काय झालं? आदल्या वर्षी पोर्तुगाल स्पर्धेला गेलाच नाही. घरात बसून त्यांच्या सरकारी दूरचित्रवाणीने, आरटीपीने, आपली निवडस्पर्धा उलगडून पुन्हा शिवली. हिला फेश्तिव्हाल दा कांसांव म्हणतात, १९६४ पासून चालत आलेली. नव्याने मांडताना त्यांनी गायकांना नाही, सोळा संगीतकारांना बोलावलं. म्हणाले, तुम्ही गाणं करा आणि ते कुणी गायचं ते तुम्हीच ठरवा. त्या सोळांत लुईझा सोब्राल होती. तिने गाणं रचलं आणि धाकट्या भावाला म्हणाली, तू गा. भाऊ पूर्वी टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत सातवा आलेला, मानसशास्त्र अर्ध्यावर टाकून बार्सिलोनाला जॅझ शिकायला गेलेला. आधी गाणं, मग गळा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी मुलगी निवडायची, मग तिला पंधरा मिनिटांत कुणाचं तरी जुनं गाणं चिकटवायचं.

आता ती चित्रफीत पुन्हा लाव, यावेळी आवाज बंद करून. बघ, तो मुख्य मंचावर नाहीच. प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्याशा चौथऱ्यावर उभा आहे. अंगात मापापेक्षा मोठा काळा कोट. नर्तक नाहीत, धूर नाही, आग नाही. नियमाप्रमाणे मंचावर सहा माणसं चालतात, त्याने पाच जागा रिकाम्या ठेवल्या. आता हातांकडे बघ. बोटं हवेत काहीतरी वाजवतायत, मान एका बाजूला कललेली. आणि आता आवाज चालू कर. चाल तीन-तीन मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी डुलणारी. वाद्यवृंद सगळा ध्वनिमुद्रित, कारण तिथे मुख्य गायक मंचावर प्रत्यक्ष गातो पण साथ ट्रॅकवरच असते. तू पण ट्रॅकवरच गाणार आहेस ना? मग त्याने ट्रॅकशी काय केलंय ते कान देऊन ऐक. तो ओळ मागे ठेवतो, ठेक्याला पुढे जाऊ देतो आणि मग सावकाश येऊन गाठतो. उपांत्य फेरीतलं आणि अंतिम फेरीतलं गाणं लागोपाठ लाव, दोन्ही वेळा तो तेच तसंच म्हणत नाही. तुमच्या तालमीत तू ट्रॅकच्या मागे धावतेस. अगदी सम गाठताना दम लागलेला ऐकू येतो.

आणखी एक. तेव्हा त्याचं हृदय नीट चालत नव्हतं. स्पर्धा युक्रेनमध्ये कीव्हला होती. तो तिथे उशिरा पोचला आणि सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण उभी राहून गायली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं हृदय बदललं. हे मी तुला हळवं करायला सांगत नाही. परीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी, दोघांनीही त्याला पहिलं ठेवलं, मिळून ७५८ गुण. एवढे गुण सहानुभूतीने पडत नाहीत. बहिणीने बांधलेल्या त्या तीन मिनिटांत वायफळ काही नव्हतं म्हणून पडले. (जिंकल्यावर त्याने बाकीच्या गाण्यांना वापरून फेकायचं संगीत म्हटलं, ते मात्र मला रुचलं नाही. बोलला ते खरं असेलही. पण ट्रॉफी हातात घेऊन, हरलेली माणसं समोर बसलेली असताना?)

तीन मिनिटं हा तिथला नियम आहे, त्याच्यावर एक सेकंद नाही. तुला किती मिळणार, दोन? दीड? आत्ताच विचारून घे, लेखी घे. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका वाहिनीच्या स्पर्धेला एका मुलीबरोबर पेटीच्या साथीला गेलो होतो. गळा सुरेख, पट्टी काळी चार. ऐन रेकॉर्डिंगला कुणीतरी येऊन म्हणालं, नव्वद सेकंदांत बसवा. मी दुसरा अंतरा उडवला. घाईत तेच सोपं वाटलं. त्या गाण्याचा मुखडा म्हणजे नुसता उंबरठा होता, घर सगळं दुसऱ्या अंतऱ्यात होतं. पोरगी उंबरठ्यावर गाऊन परत आली. कात्री वाहिनीची असली तरी कुठे चालवायची ते मी ठरवलं होतं, आणि ते अजून सलतं. म्हणून सांगतो, कापायचं तर घरी कापा, तुमच्या हाताने आणि आधी. तुमच्या गाण्यात सुरुवातीची बासरी वीस सेकंद चालते. ती छान आहे. काढून टाका.

मतांचंही बघ. तुमच्याकडे फोनवरून मतं घेणार आहेत, आणि तू आनंदाने लिहिलंयस की अख्खा गोवा आणि सिंधुदुर्ग तुमच्या मागे उभा राहील. राहू दे, छानच आहे. युरोव्हिजनमध्ये मात्र आपल्या देशाला मत देताच येत नाही. पोर्तुगालला पोर्तुगालमधून एक गुणही मिळू शकत नाही. जे मिळेल ते परक्यांकडून. २०२३ पासून तर भाग न घेणाऱ्या देशांतली माणसंही ऑनलाइन मत देतात, ती सगळी मिळून एका देशाएवढी धरतात. तुझ्या तालमीत सध्या कोण बसतं? आई, मामी, वर्गातल्या मैत्रिणी, मी. सगळे घरचे, कुणीही मनापासून वाईट म्हणणार नाही. मराठी न कळणारी चार माणसं आणून बसव. मडगावच्या दुकानदाराला, तुमच्या कॉलेजातल्या मणिपूरच्या मुलीला. गाणं संपल्यावर काही विचारू नकोस, मध्येच कुणी मोबाइल काढला आणि कुठल्या ओळीला काढला तेवढं बघ.

आता हरण्याबद्दल, कारण तुझ्या मेसेजात त्याचा साधा उल्लेखही नाही आणि त्याचीच मला काळजी वाटते.

६ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालतर्फे पाउलु द कार्व्हाल्यु इंग्लंडमध्ये ब्रायटनला गायला. एका निरोपानंतरचं प्रेमगीत. त्या रात्री स्वीडनचे अबा जिंकले, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पोर्तुगाल तीन गुण घेऊन तळाला. गाणं घरी परतलं, रेडिओवर वाजत राहिलं. आणि २४ एप्रिलच्या रात्री, दहा पंचावन्नला, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून तेच गाणं लागलं. घरी ऐकणाऱ्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. बराकींत कान लावून बसलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांना मात्र कळलं, बंडाच्या तयारीला लागा. सेन्सॉरला खटकेल असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तर ते निवडलं होतं. मध्यरात्रीनंतर दुसरी खूण म्हणून ज्या गायकाचं गाणं वाजलं, त्याची कितीतरी गाणी बंदीच्या यादीत होती. दिवस मावळेपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही गेली. आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या सरकारने दिल्लीत करारावर सही करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. माझे वडील लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेले, पोर्तुगीज पेपर वाचायचे. गोवा भारतात येऊन तेरा वर्षं झाली होती, तरी त्या सहीची बातमी वाचून ते बराच वेळ गप्प बसून होते. तीन गुणांच्या गाण्याचा आपल्या घराशी एवढा संबंध आहे.

(उलटं उदाहरणही आहे. १९८९ मध्ये त्यांनी पाठवलेल्या गाण्याचं नाव ‘कोंकिश्तादोर’, म्हणजे जेता. त्यात आम्ही कुठे कुठे गेलो त्या यादीत ब्राझील, अंगोला, मकाव आणि आपला गोवाही होता. ठेका असा की पाय हलतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाय हलत होता आणि डोकं तापलं होतं. सोळावे आले. मला वाईट वाटलं नाही.)

आणि जिंकल्यानंतर? २०१८ ला स्पर्धा लिस्बनला भरली. घरचं मैदान, घरचं गाणं, भाषा तीच, निवडपद्धतही तीच. यजमान सव्वीसपैकी सव्विसावे आले. २०२१ ला पहिल्यांदाच पूर्ण इंग्रजी गाणं पाठवलं, बारावे आले. यातून भाषेबद्दल सूत्र काढायला जाशील तर हाती काही लागणार नाही, मी काढून पाहिलंय.

तर चॅनलवाल्यांशी बोलताना मातृभाषेचं भाषण करू नकोस. ते ऐकून घेतील आणि हिंदीच म्हणायला लावतील. त्यांना सांग, हे गाणं मराठीत बांधलंय, ‘गे’ आणि ‘रे’ यांच्यावर चाल उभी आहे, हिंदी केलं तर ती लंगडते. हे सांगण्यापेक्षा गाऊन दाखव, दोन्ही भाषांत, त्यांच्यासमोर. हिंदी ओळी मी उद्या करून देतो, आणि मुद्दाम वाईट करणार नाही. हिंदीतच चाल जास्त खुलली तर मात्र हिंदीत गायचं, हे आत्ताच ठरवू.

मंगळवारी संध्याकाळी ये. पेटीचा भाता फाटला होता, तो बसवून आणलाय. येताना तबल्याला तो लांब केसांचा मुलगा आण, पण बासरीवाल्याला या खेपेला घरीच राहू दे. मी आधीच बोललो आहे त्याच्याशी, थोडा फुगलाय. आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ आण, माझ्या मोबाइलवर ते कुठे असतं मला सापडत नाही.

तुझा
काका