पऱ्हाटीला (कपाशीला) तांबूस ठिपके : आधी पान उलटा, मग कृषी केंद्रात जा

प्रश्न : महिनाभर पाऊस नाही. पऱ्हाटीच्या खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले, पानं गळू लागली. कृषी केंद्रवाले बुरशी म्हणतात, दोन औषधं आणि टॉनिक एकत्र मारायला सांगतात. शेतातून वीज केंद्राची चिमणी दिसते, तिचा तर हा प्रताप नाही? (ता. भद्रावती)

उत्तर : ते मिश्रण मारू नका. अजून मारलं नसेल तर वाचलात.

पान तोडून उलटं करा. कडा खाली मुडपल्या असतील आणि मागे फिकट हिरवी पिल्लं तिरपी पळत असतील तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारी कीड. लाली कडेकडून आत सरकत असेल तर लाल्या, म्हणजे पान लाल पडण्याची विकृती. बोटाने पुसून करडी पूड निघाली तर ती चिमणीची राख. आणि बारीक तांबूस-तपकिरी ठिपके शिरांच्या मधल्या जागेत, पानाच्या वरच्याच अंगाला, जुन्या पानांवर असतील, शेंडा स्वच्छ असेल, तर हवेतल्या ओझोन वायूचा संशय घ्या. बुरशीनाशकाचा इथे काडीचा उपयोग नाही.

ओझोन चिमणीतून निघत नाही. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाची वाफ उन्हात रापून तो हवेतच तयार होतो, दुपारी सर्वांत जास्त. गंमत अशी की चिमणीजवळचा ताजा धूरच त्याला खातो. वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या शेतात तो अधिक सापडू शकतो. ढगाळ पावसाळ्यात कमी, ऑक्टोबरच्या उन्हात वाढतो, म्हणजे नेमका बोंडं भरताना. हवेचं सरकारी मानक आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, साधारण ५० पीपीबी (अब्ज भागांत ५० भाग). पिकाची इजा मात्र ४० पीपीबीच्या वरपासून मोजतात. त्यामुळे हवा मानकात बसली तरी पऱ्हाटी झिजू शकते. पानातली साखर मुळाकडे कमी उतरते, मुळी आखूड राहते, आणि उघडीप पडली की असं झाड आधी माना टाकतं.

ओझोनवर शेतात मारायचं शिफारशीचं औषध नाही. ‘प्रदूषणावर चालतं’ असं सांगून कोणी बाटली पुढे केली तर पक्कं बिल मागा आणि लेबलवर पीक आणि रोग वाचून दाखवायला सांगा. तोंडचं पाणी पळेल.

प्रश्न : कोरड्यात पानाची छिद्रं मिटतात, पाणी दिलं की उघडतात आणि ओझोन आत शिरतो असं ऐकलं. मग पाणी बंद ठेवू का? (ता. वरोरा)

उत्तर : ऐकलंत ते खरं, काढलेला अर्थ चुकीचा. मिटलेल्या छिद्रांतून ओझोन जात नाही, तसं झाडाचं अन्नही तयार होत नाही. विषारी हवा नको म्हणून पोराला उपाशी ठेवाल का? फुलं आणि बोंडं लागताना पाणी तोडू नका. पण भेगा पडलेल्या काळ्या जमिनीत एकदम मोकाट पाणीही सोडू नका. एकाआड एक सरीने, हलकं द्या. मोठ्या ताणानंतर भरपूर पाणी मिळालं की आकस्मिक मर येते, उभं झाड दिवसात लोळतं. तसं झालंच तर पाणी काढून द्या आणि १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड घेऊन झाडाच्या बुडाशी दीडशे मिली ओता. दिवस-दोन दिवसांत. आठवड्याने ओतून खर्च तेवढा होतो.

माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो : शेवटच्या डवरणीला (ओळींमधल्या कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा. पडलेला पाऊस जागेवर मुरतो, जादा पाणी निघून जातं. मी पाहिलेल्या कोरडवाहू शेतांत लांब उघडिपीत सरीवाली पऱ्हाटी चार दिवस जास्त तग धरते. खर्च? एक दोरी. म्हणूनच कोणतंही दुकान हा सल्ला देत नाही.

प्रश्न : पातेगळ (कळ्यांची गळ) थांबेना. संप्रेरकाचं प्रमाण दुप्पट करू का? (ता. राजुरा)

उत्तर : नाही. दुप्पट नाही, दीडपटही नाही. एनएए हे संप्रेरक २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) म्हणजे साडेचार टक्क्यांचं औषध १० लिटरला चार ते साडेचार मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका, मापाने घ्या. आणि सुकलेल्या झाडावर मारूच नका. आधी ओल, मग फवारा. ताणात १ टक्का पोटॅशियम नायट्रेट चालेल. लाल्या असेल तर १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. दोन्ही कीटकनाशकात कालवू नका. भर उन्हात फवारू नका, पान करपतं आणि मग तेही ओझोनच्या नावावर खपवता. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीतल्या विषबाधेने माणसं गेली, त्यामुळे नुसतं तोंडाला फडकं बांधून भागत नाही. मास्क, हातमोजे हवेतच.

ठिबक, शेततळ्याच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. कागदांची यादी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल. पुढच्या वेळी प्रश्नासोबत पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, नुसता वरचा नको.