मॅनिफोल्ड नवा, शिफ्ट जुनंच!

प्रश्न : माझं ३५० क्युबिक इंचाचं कार्ब्युरेटरवालं व्ही-८ आहे, ४ स्पीड मॅन्युअल. ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग) काढून सिंगल प्लेन बसवला, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) पीक पॉवर वाढली पण क्वार्टर माइलला (साधारण ४०० मीटरच्या शर्यतीत) गाडी आधीपेक्षा स्लो झाली. शिफ्ट (गिअर बदल) आधीसारखंच ५८०० आरपीएमला करतो. मॅनिफोल्ड चुकीचा घेतला का?

उत्तर : ते नंतर बघू, आधी त्या ५८०० चं बोलू. डायनोवरचा पीक आकडा बघून खूश व्हायचं हा आपल्या सगळ्यांचाच जुना रोग, पण गाडी त्या एका आकड्यावर पळत नाही. ड्युअल प्लेनमध्ये आठ सिलिंडरचे चार-चारचे दोन गट, प्रत्येकाचा कप्पा वेगळा, रनर म्हणजे कप्प्यातून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, त्या लांब आणि वळणावळणाच्या, त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ मस्त मिळते आणि साधारण ५५००-६००० नंतर इंजिनला धाप लागते. सिंगल प्लेनमध्ये सगळे रनर एकाच कप्प्यात उघडतात, आखूड आणि बरेचसे सरळ, त्यामुळे वर मोकळा श्वास पण ३००० च्या खाली जोरच नाही.

रनरच्या लांबीचं एवढं का, तर पिस्टन हवा ओढतो तेव्हा रनरमध्ये कमी दाबाची लाट उठते, ती कप्प्याशी जाऊन उलटते आणि जास्त दाबाची होऊन परत येते, व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत पोचली तर जास्तीची हवा आत कोंबते. ती धावते आवाजाच्या वेगाने, तुम्ही आरपीएम वाढवला म्हणून काही घाई करत नाही, त्यामुळे वरच्या आरपीएमला रस्ता आखूड लागतो.

आता गिअर. रेशो तुम्ही दिलेले नाहीत, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत २.२०, १.६४, १.२८ आणि १.०० धरतो. ५८०० ला तिसरा टाकला की इंजिन ४५३० च्या आसपास येतं, जुन्या मॅनिफोल्डला तिथे घरच्यासारखं वाटायचं, नवा तिथे अजून डोळे चोळतोय. ६५०० ला टाकलात तर ५०७० ला याल. आणि बरोबर पीकलाच शिफ्ट करायचं असंही नाही हां, पुढच्या गिअरमध्ये चाकाला जास्त टॉर्क (फिरवायचा जोर) मिळायला लागला की बदलायचं. समजा दुसऱ्यात ६३०० ला टॉर्क ४०० न्यूटन मीटर आहे, गुणिले १.६४ म्हणजे ६५६. तिसऱ्यात तेव्हा ४९२० ला ४८० मिळतो, गुणिले १.२८ म्हणजे ६१४, म्हणजे अजून थांबा. ६६०० ला ३७० उरला आणि तिसऱ्यात ५१५० ला ४७५ असेल तर दोन्हीकडे ६०७-६०८, तिथे शिफ्ट. तुमच्या डायनो शीटवरचे आकडे टाकून प्रत्येक गिअरला हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण व्हॉल्व्ह स्प्रिंग ६६०० झेपणारे आहेत का ते आधी बघा, नाहीतर व्हॉल्व्ह फ्लोट होऊन, म्हणजे वेळेत बंद न होता, पिस्टनला धडकायचा. आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सौम्य असेल, ५५०० लाच संपणारा, तर मात्र मॅनिफोल्ड खरंच चुकलाय, जुना परत लावा.

प्रश्न : लांब आणि आखूड दोन्ही रनर एकाच इंजिनात मिळतात का?

उत्तर : मिळतात की. १९९१ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी मध्ये चालत्या इंजिनात इनटेकची लांबी बदलायची, आणि २००१ च्या बीएमडब्ल्यू एन६२ व्ही-८ मध्येही. कार्ब्युरेटरवाल्यांनी मात्र दोघांतला एकच निवडायचा.