जुन्या काळातल्या नाटकाची केशभूषा-रंगभूषा चित्रपट बघून ठरवली तर चालते का?

दोन्ही चित्रपट बघा, जरूर बघा. पण त्यांवरून काही ठरवू नका.

तुमची हौशी संस्था ‘श्यामची आई’ रंगमंचावर आणतेय, आणि अत्र्यांचा १९५३ चा व अलीकडचा २०२३ चा चित्रपट समोर ठेवून पात्रांचे केस आणि चेहरे ठरवू का, असं तुम्ही विचारलंय. पहिली अडचण म्हणजे दोन्ही कृष्णधवल आहेत. कुंकवाचा लाल, लुगड्याचा रंग, आजारी आईच्या चेहऱ्यावरचा फिकटपणा, यातलं काहीच त्यांत सापडणार नाही. दुसरी अडचण मोठी. चित्रपट ज्या साली निघतो त्या सालची आवड पात्राच्या भुवयांवर आणि केसांवर उतरतेच. आजच्या मालिकांतली शंभर वर्षांपूर्वीची बाई बघा. भुवया कोरलेल्या, टिकली चिकटवलेली, केस शाम्पूने भुरभुरणारे. त्या काळी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू बसवायचे, त्याची कड टिकलीसारखी कापल्यागत येत नाही. केस तेलाने चप्प बसवलेले, मागे ओढून खोपा.

हे मी तावातावाने लिहितेय, त्याला कारण आहे.

मी सांगलीत नाटकांची रंगभूषा करते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते हे गाव, इथे नाटकाबद्दल प्रत्येकाला मत असतं. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका संस्थेने जुन्या कादंबरीवरून नाटक बसवलं. काळ १९०५ च्या आसपासचा, घर ब्राह्मणाचं, घरात एक बालविधवा आत्या. दुसऱ्या अंकात ती लग्न ठरलेल्या भाचीची वेणी घालते. सगळं नाटक त्या प्रवेशावर उभं होतं. मी संहिता वाचून दिग्दर्शकांना म्हटलं, आत्याचं आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, डोक्यावरून मागे सरकतं तेव्हा केशवपन केलेलं डोकं दिसलंच पाहिजे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एका मालिकेतला फोटो दाखवला. पांढरंशुभ्र पातळ, कपाळावर रुपेरी बट.

“असं करा. लोकांना हीच विधवा माहीत आहे.”

“सर, त्या घरात त्या काळी असं नव्हतं.”

“ताई, प्रेक्षकांना बघवणार नाही.”

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. १८९० मध्ये मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनाच ते बघवेना. मग आपण ते झाकून नेमकं कुणाला सांभाळतोय?

मी तरीही टोप तयार केला. टकलाचा टोप नुसता चढवला की डोकं गुळगुळीत, चकचकीत दिसतं. केशवपनाचं डोकं तसं नसतं. न्हावी रोज येत नाही, मधल्या दिवसांत खुंट वाढतात. म्हणून बेस दिल्यावर खरखरीत स्पंजने राखाडी-निळसर ठिपके टाकायचे, मानेकडे आणि कानामागे दाट, माथ्यावर विरळ, आणि वर पावडर मारून चकाकी मारायची. आत्या करणाऱ्या बाईंनी तालमीत तो टोप लावला आणि त्या दिवशी भाचीची वेणी इतकी सावकाश घातली की प्रवेश लांबला. दिग्दर्शकांनी तक्रार केली ती लांबल्याची.

प्रयोगाला भाड्याने आणलेला पांढऱ्या केसांचा टोप लागला. श्रेयनामावलीत माझं नाव घालू नका, असं मी कळवलं. अजूनही ते मला हट्टी म्हणतात. हट्ट कसला? मी संहिता वाचली होती, त्यांनी मालिका बघितली होती.

तुमच्या हाताशी तर साने गुरुजींचं पुस्तक आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, स्वतःच्या घराबद्दलचं. श्यामने डोक्यावर केस वाढवले म्हणून घरात बोलणी होतात, केसांत कसला धर्म असं तो आईला विचारतो, हे त्यात आहे. म्हणजे मुलाचे केस हाच तिथे प्रसंग आहे. आधी घेरा आणि शेंडी, मग वाढवलेले केस, मग पुन्हा हजामत, हे प्रेक्षकाला शेवटच्या रांगेतून कळलं पाहिजे. क्लोजअपसाठी केलेली रंगभूषा तिथवर पोचत नाही.

मग जुने फोटो. पण त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत त्यांना लाल रंग नीट पकडता येत नसे, म्हणून कुंकू काळं उमटतं. ते बघून काळं गंध लावणारे मी पाहिलेत. शिवाय फोटोला लोक ठेवणीतलं नेसून बसत, रोजचा अवतार तो नव्हे. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, ती रंगांसाठी बघा, पण त्याच्या नायिकांवरून गरीब कोकणी घरातल्या आईचे केस बांधू नका. त्यापेक्षा चित्रकार धुरंधरांनी काढलेल्या बायका बघा, त्यांच्या खोप्याला वजन असतं. तुमच्या नटीचे केस कमी असतील तर गंगावन लावा.

चित्रपट सगळेच टाकाऊ, असं मी म्हणत नाही. २०११ च्या ‘बालगंधर्व’साठी विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालगंधर्वांचे खरे फोटो उपलब्ध आहेत, ते आणि चित्रपट शेजारी ठेवून बघा. कुठलं जसंच्या तसं घेतलं आणि कुठलं सुबोध भावेंच्या चेहऱ्यासाठी बदललं, ते शोधण्यात खरा अभ्यास होतो.

लहान मुलांची डोकी मात्र नाटकापायी भादरू नका, टोप वापरा. स्पिरिट गम, म्हणजे टोप चिकटवायचा डिंक, आदल्या दिवशी हातावर लावून बघा, काहींना पुरळ येतं. आणि आई करणाऱ्या बाईंना आजच फोन करून सांगा की भुवया कोरायच्या थांबवा, त्या भरून यायला बरेच आठवडे लागतात.