राहिलेल्यांची यादी आधी कर

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला, वस्तीतल्या आरोग्याच्या कामाचा प्लॅनपण उघडून बघितला. उद्दिष्टं, ॲक्टिव्हिटी, तिमाहीचे रंगीत तक्ते, सगळं नीट केलंयस, पैसे देणाऱ्यांना आवडेलच. पण त्यात तुझी वस्ती मला कुठे दिसली नाही गं. तीच पानं नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही वस्तीला लावली तरी खपतील, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तो लोकसंख्येचा आकडा. तू तो २०११ च्या जनगणनेवर दरवर्षीची वाढ चढवून काढलायस. खूप ठिकाणी असाच काढतात, वर काहीतरी पाठवावंच लागतं. पण वस्तीत काय होतं की पत्र्याच्या खोलीवर माळा चढतो, माळ्यावर भाडेकरू येतो, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की तो जातो नि दुसरा येतो, जवळ नवीन साइट सुरू झाली की मुकादम गावाकडून माणसं आणतो आणि एका आठवड्यात झोपड्यांची नवी रांगच उभी राहते. ही माणसं कुठल्याच यादीत नसतात, आणि लस चुकलेली पोरं, नाव न नोंदवलेली गरोदर बाई, मध्येच सोडलेल्या टीबीच्या गोळ्या हे सगळं जास्त करून तिथेच सापडतं. तेव्हा आधी आशाताईबरोबर, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य सेविकेबरोबर, गल्ली न् गल्ली चाल. शहरात एका आशाताईकडे २०० ते ५०० घरं असावीत असा नियम आहे, प्रत्यक्षात किती आहेत ते तिलाच विचार. कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुठल्या खोलीला दिवसा कुलूप असतं कारण नवरा-बायको दोघंही नाक्यावर जातात, हे तिला तोंडपाठ असतं. तिच्याबरोबर बसून हाताने नकाशा काढ, नळ कुठे, संडास कुठे, कोणत्या गल्लीत रिक्षा जात नाही, आणि पाणी किती वाजता येतं. हे शेवटचं विसरू नकोस, लसीकरणाचं सेशन आणि पाण्याची वेळ एक आली तर तू कितीही बॅनर लाव, बाई आधी हंडा भरणार, आणि तिचं बरोबरच आहे.

आता मॉनिटरिंग. तुझ्या तक्त्यात सगळीकडे 'किती आले' एवढंच आहे, शिबिराला किती, मीटिंगला किती, पत्रकं किती वाटली. येणाऱ्या बायका येतातच, बऱ्याचदा त्याच त्याच येतात, सही करतात, फोटोत हसतात. तुला शोधायचेत ते न आलेले. समज, सहा आठवड्यांच्या पेंटाला (पाच आजारांवरची एकत्र लस) ४० पोरं आली आणि चौदा आठवड्यांच्या तिसऱ्या डोसला त्यातली २८ च आली. बारा गळाली, म्हणजे ३० टक्के. ही गळती १० टक्क्यांच्या वर गेली की काहीतरी बिघडलंय असं समजतात, आणि काय बिघडलंय ते आकडा सांगत नाही, त्या बारा घरी जाऊनच कळतं. कोणी मे महिन्यात गावी गेलं ते परतलंच नाही, कोणाच्या पोराला पहिल्या डोसनंतर ताप आला आणि सासूने पुढचं बंद केलं, कोणाचं कार्ड पावसात भिजलं म्हणून ती ओरडा बसेल या भीतीने आलीच नाही. तिघींना तीन वेगळे उपाय लागतात आणि यातला एकही जनजागृती रॅलीने होत नाही (रॅलीबद्दल माझं मत तुला माहितीये, जाऊ दे). तापाचं तर पहिल्याच डोसला सांगायला हवं, ताप येऊ शकतो, घाबरू नका, एएनएम सिस्टर (लस देणारी नर्स) देते ती गोळी सांगितली तशी द्या. एवढं एक वाक्य राहिलं की पुढचे दोन डोस राहतात.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवर पसरला, गोवंडी भागात सगळ्यात जास्त गाजला, तेव्हा धावपळीत घरोघर सर्व्हे करून लस चुकलेली मुलं शोधावी लागली, ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायची वेळ आली. गोवर थांबवायचा तर साधारण ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. आणि वॉर्डाची टक्केवारी कितीही चांगली दिसली तरी एखाद्या गल्लीत निम्मी पोरं राहिलेली असू शकतात, सरासरीत ती गल्ली बुडून जाते. म्हणून ड्यू लिस्ट, म्हणजे लस बाकी असलेल्यांची यादी, गल्लीवार कर. दर महिन्याला फक्त राहिलेल्यांची नावं, कारण, आणि परत कोण कधी जाणार, एवढे तीन रकाने. बाकीचे चौदा काढून टाक, आशाताईचे आधीच किती रजिस्टर आणि किती ॲप आहेत ते तरी बघ.

डेंग्यूचंही तसंच. तू लिहिलंयस '५०० कुटुंबांना पाणी न साठवण्याबाबत समुपदेशन'. अगं, जिथे दिवसाआड पाणी येतं तिथे साठवू नका म्हणून कसं सांगणार? पिंप राहणारच. झाकण घट्ट बसतंय का, आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासलं जातंय का, एवढंच विचार. घासायचं अशासाठी की डास अंडी पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवतो, ती कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत उडणारा डास तयार. मोजायचं असेल तर हाउस इंडेक्स मोज, शंभर घरं तपासली आणि बारा घरांत अळ्या सापडल्या तर बारा, पंधरा दिवसांनी परत त्याच गल्लीत तपास, कमी झालं की वाढलं ते दिसेल. आणि टॉर्च घेऊन जा, माळ्यावरचं पिंप अंधारात असतं, तिथे बघायचा कोणालाच उत्साह नसतो.

अजून एक. आकडे वर पाठवायच्या आधी वस्तीला दाखव. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख व नियोजन चाललं, पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतून सुरुवात झाली, त्यात गावकरी स्वतः आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तेच मांडायचे. ती पद्धत शहरात उचल. तुझ्याकडे महिला आरोग्य समिती असेलच, ५० ते १०० घरांमागे एक, वर्षाला ५,००० रुपये मिळतात, त्या पैशाचं काय झालं ते बऱ्याच वस्त्यांत कोणाला ठाऊक नसतं, ते आधी विचार. समितीच्या मीटिंगला तक्ता भिंतीवर लाव, तीन रंगांत, लिहिता-वाचता न येणारीलाही कळला पाहिजे. केंद्रात बीपीची गोळी मिळते का, ओपीडी वेळेवर उघडते का, सिस्टर नीट बोलते का. लाल आलं की मेडिकल ऑफिसरकडे तू एकटी जाऊ नकोस, समितीतल्या चार जणी घेऊन जा आणि भांडायला म्हणून जाऊ नका. कधीकधी त्यांनाच औषधं वरून आलेली नसतात, तुमचा लेखी तक्ता त्यांच्याही कामी येतो.

मात्र टीबीचं काहीही भिंतीवर लावायचं नाही, नाव तर नाहीच, गल्ली नंबरपण नाही. दहा बाय दहाच्या खोल्यांत गल्ली सांगितली की माणूस कळतो, आणि एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. त्यांची यादी तू आणि आशाताई, दोघींकडेच. सहा महिन्यांची औषधं चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सुटतात, तेव्हा तिथे घरी जायच्या फेऱ्या वाढव. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याचे पैसे खात्यात येतायत का तेपण बघ, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १,००० झालेत, पण खातं आधारला जोडलेलं नसलं की अडकतात.

बजेटमध्ये फ्लेक्सचे पैसे कमी करून आशाताईच्या रिक्षाभाड्याला टाक, मी बोलते तुझ्या मॅडमशी. पहिल्या महिन्याची यादी झाली की मला पाठव, वहीच्या पानाचा फोटो चालेल, एक्सेल माझ्या फोनवर धड उघडत नाही. नावं झाकून पाठव.

तुझी,
ताई