72 ला घेतलंस, ते कशाच्या जोरावर?

प्रिय,

तुझा रात्री अडीचचा निरोप सकाळी वाचला. "काका, माझं कुठे चुकलं?" आणि खाली सहा स्क्रीनशॉट. सहाही भावांचे. तुझा स्वतःचा आकडा, म्हणजे खेळाडू जिंकण्याची शक्यता तुला किती टक्के वाटते तो, एकातही नाही. माझं अर्धं उत्तर इथेच संपलं, पण लिहितो.

तू म्हणतोस, टेनिसच्या निकालांवर सौदे होतात त्या बाजारात तुझा खेळाडू सामना जिंकेल याचा भाव 80 सेंट होता (बरोबर ठरलं तर 100 मिळतात, म्हणजे बाजाराच्या मते 80 टक्के शक्यता), पहिला सेट जिंकेल याचा 72, आठ सेंट स्वस्त म्हणून घेतलं. अरे, ते स्वस्त नव्हतंच! सामना पाच सेटचा. दर सेटला शक्यता सारखी धरली, तर 80 टक्के सामने जिंकणारा खेळाडू एक सेट जिंकण्याची शक्यता साधारण 67 टक्केच निघते. सामना तीन सेटचा असता तरी 71. सामना जितका लांबेल तितकी चांगल्या खेळाडूला सावरायला जागा मिळते. एकट्या पहिल्या सेटमध्ये ती नसते. गॅस्टन गौडिओ 2004 च्या फ्रेंच ओपन फायनलचा पहिला सेट 0-6 हरला आणि करंडक घेऊन गेला. आधी कागदावर 67 लिहिलं असतंस, तर 72 ला हात लावला असतास का?

पुढे त्या सेटमध्ये 1-3 झालं, भाव 46 वर आला आणि तू ॲव्हरेज केलंस, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेतलंस. "वाटलं, तो परत येईल." वाटलं म्हणजे किती? 50 टक्के वाटत असेल तर 46 ला घेणं बरोबर, 40 वाटत असेल तर चूक. तू 72 कडे बघून 46 ला स्वस्त म्हणालास. ब्रेक बसला, म्हणजे तुझ्या खेळाडूने स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावला, त्या क्षणी 72 चा संबंध संपला होता. आकडा आधी, भाव नंतर. ब्रेकनंतर नवा आकडा, तोही भावाकडे न बघता.

आणि 5-4 ला "आता पुढे आहे" असं लिहिलंयस. पुढे कसला? सेटची सुरुवात त्याच्या सर्व्हिसने झाली होती, त्याचा एक गेम जास्त झाला होता म्हणून 5-4 दिसत होतं. दोघांचा एकेक ब्रेक, म्हणजे बरोबरीच.

6-6 नंतरचा निर्णायक टायब्रेक 5-7 गेला याचं मला काही नाही. 2019 च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने 218 गुण घेतले, जोकोविचने 204. तिन्ही टायब्रेक जोकोविचचे, करंडकही त्याचाच. निकालावरून तुझा सौदा मी तपासणार नाही. 64 ला घेऊन हरला असतास तर पाठ थोपटली असती.

मी हे शहाणपण वरून सांगत नाहीये. तीन वर्षं मी टीव्ही बघत बघत सौदे केले. ऑर्डर लावायची, ती झटकन भरायची, मी खूश. चार-पाच सेकंदांनी पडद्यावर माझ्या खेळाडूचा डबल फॉल्ट दिसायचा, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेलेला. प्रक्षेपण उशिरा येतं आणि कोर्टाशेजारी बसलेल्याने ते आधी बघून मला विकलेलं असतं, हे कळायला इतका वेळ का लागला, याची अजून लाज वाटते. एकदा माझा खेळाडू 5-2 ने पुढे असताना समोरच्याने दुखापतीमुळे सामना सोडला. मी हिशेब मिटल्यासारखा चहा करायला उठलो. त्या बाजाराच्या नियमात सेट पूर्ण होणं गरजेचं होतं. नियमाचं पान मी उघडलंच नव्हतं.

तेव्हापासून भाव बघण्याआधी माझा आकडा लिहायची वही आहे. घरचे हसतात. वहीने मी श्रीमंत झालो नाही, हे कबूल. भाव माझ्या आकड्याजवळच असतो, मग फी आणि खरेदी-विक्रीतला फरक वजा जाता काही उरत नाही म्हणून बहुतेक दिवशी मी सौदाच करत नाही. तू याला भित्रेपणा म्हणशील. म्हण. पण अडीच वाजता कोणाला निरोप पाठवायची वेळ माझ्यावर आलेली नाही. (आली होती. पाठवायला कोणी नव्हतं.)

पुढच्या सामन्याआधी एकच कर. सर्व्हिस कोण किती राखतो ते बघ, पृष्ठभाग बघ, पहिल्या सेटचा तुझा आकडा वहीत लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. भाव उघडण्याआधी. भावाचा स्क्रीनशॉट आधी आला, तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
काका